कटकट नको, खेळायला काय घेऊ?

ए-२०३: मंडळी, गेम खेळायला डेस्कटॉप, लॅपटॉप की टीव्हीला जोडायचा कन्सोल? कटकट कमीत कमी हवी.

बी-१०४: अरे, मुलाची परीक्षा तोंडावर आहे ना?

ए-२०३: काका, मुलासाठी नाही. मलाच खेळायचंय.

बी-१०४: बरं बरं. मग विचार खुशाल.

ए-५०२: लॅपटॉप घ्या. कुठेही नेता येतो.

सी-७०१: नेता कुठेही येतो ताई, पण खेळायचा प्लगला चिकटूनच. विमानात चालावी म्हणून बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत ठेवतात, आणि दणकट लॅपटॉप खेळताना १५० वॅट सहज ओढतो. भागाकार करून बघा, पाऊण तासही निघत नाही. म्हणून प्लग काढला की लॅपटॉपच ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या भागाचा, गळा आवळतो आणि गेम अडखळायला लागतो.

ए-५०२: हे मात्र खरं. आमच्याकडे अडॅप्टर विटेएवढा आहे. आणि फॅन सुरू झाला की आतून सासूबाई विचारतात, मिक्सर कोणी लावला?

सी-७०१: कार्डाच्या नावावरही जाऊ नका. आरटीएक्स ४०७० हे कार्ड डेस्कटॉपमध्ये १२ जीबी मेमरीचं, २०० वॅटचं. लॅपटॉपमध्ये त्याच नावाचं कार्ड ८ जीबीचं, आणि बनवणारा ठरवेल त्याप्रमाणे ३५ ते ११५ वॅटवर चालणार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ए-२०३: म्हणजे डेस्कटॉपच?

डी-४०३: माझा डेस्कटॉप मी स्वतः जोडलाय आणि जीव आहे माझा त्याच्यावर. कार्ड बदललं, रॅम वाढवली, बाकी पेटी तीच. पण गेल्या आठवड्यातली गोष्ट ऐका. मुलगी साडेदहाला झोपली, मला हक्काचा पाऊण तास मिळाला. बसलो तर आधी विंडोजचं अपडेट. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर. मग गेमचा पॅच. मग गेम उघडल्यावर 'शेडर तयार होत आहेत' म्हणून एक पट्टी सरकत बसली. ६२ टक्क्यांवर आली तेव्हा मुलगी पाणी मागत उठली. त्या रात्री मी पट्टी खेळलो.

ए-५०२: हाहाहा!

सी-७०१: म्हणूनच कटकट नको तर कन्सोल. सोनीचा पीएस५ रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, ठेवला की अपडेट रात्रीतून उतरतात, आणि कंट्रोलरचं बटण दाबलं की गेम सोडला होता तिथूनच सुरू. मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलचं, एक्सबॉक्स सिरीज एक्सचं, क्विक रिझ्यूमही तसंच, फक्त सगळ्या गेममध्ये चालत नाही. पैसे देऊन घेतलेले गेम ऑनलाइन इतरांशी खेळायचे तर दोन्हीकडे वर्गणी पडते, ती पीसीवर सहसा नसते. आता सांगा, टीव्ही कोणाच्या ताब्यात असतो?

ए-२०३: आईच्या. साडेनऊपर्यंत मालिका.

सी-७०१: मग तोवर रिमोट प्लेनं, म्हणजे कन्सोलवरचा गेम वाय-फायनं आणून, मोबाइलवर खेळा. वाय-फाय मात्र धड हवं.

बी-१०४: सगळे यंत्रावर भांडताय, पण त्याला खेळायचंय काय हे कोणी विचारलं का? मी फ्लाइट सिम्युलेटर खेळतो. २०२० चा आधी पीसीवर आला, एक्सबॉक्सवर वर्षभरानं. पण माझी जॉयस्टिक आणि पायाखालची पेडलं डेस्कटॉपच्या टेबलाला बांधलेली आहेत. मला कन्सोल फुकट दिला तरी नको.

डी-४०३: काका, तुम्ही विमान चालवता??

बी-१०४: रोज. उतरवता अजून नीट येत नाही.

ए-२०३: मला फुटबॉल. आणि जुना एज ऑफ एम्पायर्स २.

सी-७०१: फुटबॉल कंट्रोलरवरच. एज ऑफ एम्पायर्स २०२३ मध्ये एक्सबॉक्सवरही आलाय, पण त्यातले पन्नास गावकरी कंट्रोलरनं हाकण्यात मला तरी मजा वाटत नाही. मूळचा १९९९ चा खेळ तो, नवी आवृत्तीसुद्धा घरच्या साध्या लॅपटॉपवर निघते. माऊस लावा आणि खेळा.

डी-४०३: पीएस५ घेणार असाल तर डिस्कवाला घ्या. माझ्या भावाकडे डिस्क पडून आहेत, अदलाबदल करू.

अॅडमिन: हा ग्रुप सूचनांसाठी आहे.

ए-२०३: शेवटचं. टीव्हीखाली मावेल ना?

सी-७०१: पहिला पीएस५ आडवा ठेवला तर रुंदी ३९ सेंटिमीटर, उंची साधारण साडेदहा. नंतरचा थोडा आटोपशीर आहे. मागे हवेला जागा सोडा.

ए-२०३: मोजलं. कप्पा ३५ चा. शेजारचा सेट-टॉप बॉक्स हलवावा लागेल.

ए-५०२: आईंना विचारलंत?