शब्दचर्चा : डिफमधल्या तेलाला 'वंगण' म्हणावं का?

जळगावहून, मूळ प्रश्न

रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचा मला बरीच वर्षं नाद आहे. एक अष्टमांश मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाच्या बग्या. चारही चाकांना ताकद, तीन डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना ताकद देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या डब्या : पुढचा, मागचा, आणि या दोघांत ताकद वाटणारा मधला. आम्ही सगळे त्याला नुसतं 'डिफ' म्हणतो आणि त्या शब्दाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न आत भरायच्या तेलाचा आहे.

गेल्या महिन्यात भाच्याला फोनवर सांगितलं, "मागच्या डिफमधलं वंगण काढ आणि नवं भर." पोरगा अकरावीत आहे, हाताचा नेटका. त्याने डिफ उघडला, चार स्क्रू काढले, दंतचक्रं रॉकेलने धुतली, पुसली आणि घरच्या ट्रॅक्टरच्या ग्रीसगनमधून ग्रीस भरून डिफ बंद केला. गाडी पहिली दोन मिनिटं ताठ्यात चालली, वळायलाच तयार नाही. नंतर एकदम सुटली. ग्रीस फिरून फिरून कडेला जाऊन चिकटलं, चक्रांनी मधे आपली वाट करून घेतली आणि आत काही नसल्यासारखा डिफ मोकळा झाला.

यात त्याची काही चूक आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे वंगण म्हणजे ग्रीस, नाहीतर बैलगाडीच्या तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात घालायचं काळं तेल. ते घालायचं ते चाक हलकं फिरावं म्हणून. डिफमधलं सिलिकॉन तेल नेमकं उलट काम करतं. चक्रांची झीज ते वाचवतं हे खरं, पण भरतात ते दोन चाकांच्या वेगातला फरक सहजासहजी पडू नये म्हणून. अडवण्यासाठी घातलेल्या वस्तूला 'वंगण' म्हणणं मला आता पटेनासं झालं आहे. मग काय म्हणावं?

धुळ्याहून

भाऊ, आधी डिफचंच बघू. मी तंत्रनिकेतनात शिकवतो. पुस्तकी मराठीत 'विभेदक' म्हणतात. कोणी 'विकलक' सुचवेल तर ते गणितातल्या विकलनाकडून आलेलं, इथे गैरलागू. पण 'विभेदक' तरी मुलांना काय सांगतो? भेद करणारा. मुलं समजतात की डिफ मुद्दाम दोन चाकांत भेद पाडतो. तसं नाही. तो भेद पडू देतो, एवढंच. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच दांड्यावर पक्की बसवली तर एकाला घासतच जावं लागेल.

इंग्रजीतसुद्धा 'डिफरन्शिअल' हा शब्द एकटा नव्हता. फ्रान्समध्ये पेकर यांनी १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी ही रचना केली. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकी सायकलीला बसवली, आणि त्या काळात तिला 'बॅलन्स गियर' असंही म्हणत. तोल राखणारं चक्र. मला हे नाव फार आवडतं, कारण आत खरोखर तोलच चाललेला असतो.

वर्गात मी जू दाखवतो. जू मध्यावर बांधलेलं असतं आणि टोकांना दोन बैल. एक बैल पाऊलभर पुढे गेला तर जू तिरपं होतं, पण ओढ दोघांवर सारखीच राहते. डिफमधली जी लहान चक्रं आडव्या पिनवर बसतात, ती म्हणजे जू. पिन त्यांना मधोमध रेटते आणि ती दोन्ही बाजूंच्या चक्रांना सारखाच रेटा देतात. फरक एवढाच की हे जू गोल आहे, म्हणून कितीही तिरपं झालं तरी त्याला शेवट नाही. ट्रकवाले त्याला स्टार म्हणोत, स्पायडर म्हणोत, माझ्या वर्गात ते 'जुवाचं चक्र' आहे.

आता एका बैलाने अंग टाकलं तर? दुसरा कितीही जोराचा असला तरी एकटा ओढू शकत नाही, जू नुसतं कलतं. चिखलात एक चाक गरगरतं आणि दुसरं उभं राहतं, ते याच कारणाने.

शिरपूरहून

जुवाचं पटलं सर. आमच्या काळ्या रानात हे दर पावसाळ्यात बघायला मिळतं. ट्रॅक्टरचं एक चाक कपाशीच्या सरीत रुतलं की तेच फिरतं. आमचे आबा म्हणायचे, "एक चाक फिरस, दुसरं उभं ऱ्हास." मग डिफ लॉकचं पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर निघतो. आणि निघाल्याबरोबर पाय काढायचा, लॉक ठेवून वळायचं नाही.

बैलगाडीला मात्र डिफ लागतच नाही, हे लक्षात घ्या. आख फिरत नाही, दोन्ही चाकं आखावर आपापली मोकळी फिरतात. डिफची गरज पडते ती आखातूनच ताकद द्यायची वेळ आली तेव्हा. म्हणून जुन्या गाडीच्या भाषेत डिफला शब्द सापडायचा नाही. वंगण हा शब्दही तिथलाच, तुंब्यातला. तिथे तो बरोबर आहे. तुम्ही त्याला चुकीच्या घरात नेलात.

भुसावळहून

मीही बगी चालवतो. तेलावरचे आकडे सेंटिस्टोक्समध्ये, म्हणजे जाडपणाच्या मापात असतात. पाणी साधारण १, आपलं तेल ५०००, ७०००, १००००. या गुणाला विश्वकोशी शब्द 'श्यानता'. शब्द चांगला आहे, पण ट्रॅकवर कोणी तो उच्चारत नाही. आम्ही 'जाड तेल', 'पातळ तेल' म्हणतो आणि काम भागतं. 'पाच-सात-तीन भरलंय' म्हटलं की सगळ्यांना कळतं : पुढे पाच हजार, मध्ये सात, मागे तीन.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे आकडे २५ अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. सिलिकॉन तेल उन्हाने इंजिन ऑइलएवढं पातळ होत नाही, तरी २५ अंशांवरचं ५००० चं तेल ४५ अंशांवर साडेतीन हजारांच्या आसपास येतं. धावून डिफ तापला की आणखी खाली. थंड देशातल्या शर्यतपटूची यादी जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मी उन्हाळ्यात तिन्ही डिफ एक पायरी जाड भरतो. मधल्यात सातऐवजी दहा. ते नाही केलं तर जोरात ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, सगळी ताकद सोप्या वाटेने पुढे पळते आणि पुढचे टायर गरगरून फुग्यासारखे फुगतात. डोळ्यांनी दिसतं.

चाळीसगावहून

बॉल डिफ विसरू नका. हलक्या, दोन चाकांना ताकद असणाऱ्या गाड्यांत तो अजून असतो. त्यात दंतचक्रं नाहीत. दोन चकत्यांच्या मध्ये बारीक गोळ्या आणि मधून एक स्क्रू. तो आपण 'आवळतो'. गियर डिफ मात्र 'भरतो'. क्रियापदच वेगळं. आवळलेल्या डिफची पकड चाक हळू फिरो की वेगाने, जवळपास सारखीच. भरलेल्या डिफचं तसं नाही.

जळगावहून, मूळ प्रश्नकर्ता

चाळीसगावकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. तेच आज पुन्हा टेबलावर करून बघितलं. तुम्हीही बघा.

मागचा डिफ गाडीतून काढला. दोन्ही बाजूंना कप असतात, चाकाचा दांडा त्यात बसतो. डाव्या हातात मोठं चक्र घट्ट धरलं आणि उजव्या हाताने एक कप फिरवला. समोरचा कप तेवढाच, पण उलटा फिरतो. तीन हजारचं तेल होतं. सावकाश फिरवला तेव्हा बोटाला जवळपास काहीच लागलं नाही, काकवीत चमचा फिरवावा तसं मऊ. मग झटक्याने फिरवला तर बोट अडलं. तोच डिफ, तेच तेल. जितकी घाई कराल तितका विरोध. सोडून दिला की कप जागच्या जागी थांबतो, मागे येत नाही, म्हणजे आत स्प्रिंगसारखं काही नाही.

भरण्याबद्दलही थोडं, कारण भाच्याला पुन्हा सगळं नीट शिकवायचं आहे. तेल काठोकाठ भरायचं नाही. आडवी पिन जेमतेम बुडेल इतकं. मग कप हळूहळू फिरवत राहायचं, बुडबुडे वर येतात, जाड तेलात त्यांना वेळ लागतो. दहा हजारचं असेल तर मी डिफ उघडा ठेवून जेवून येतो. तेल बसलं की थोडं आणखी घालायचं. मी सोनाराच्या छोट्या काट्यावर रिकामा आणि भरलेला डिफ तोलतो आणि वजन वहीत लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी तेवढंच भरता येतं. जास्त भरलं तर तापून फुगलेलं तेल ओ-रिंगमधून, म्हणजे गळती अडवणाऱ्या लवचिक कड्यातून बाहेर येतं. आणि पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस सिलिकॉनच्या ओ-रिंगला लागलं तर ती फुगून खराब होते. भाच्याच्या डिफमधल्या दोन्ही बदलाव्या लागल्या.

तर मला शब्द हवा आहे तो या वागण्याला : हळू जाणाऱ्याला न अडवणारं, पळणाऱ्याला अडवणारं.

शिरपूरहून

कासरा?

धुळ्याहून

कासरा हाकणाऱ्याच्या हातात असतो. तो दिशा देतो. डिफमधल्या तेलाला हात नाही. शर्यत सुरू झाल्यावर ते आपण बदलू शकत नाही.

शहाद्याहून

मी गाड्यांतली नाही, माझा मुलगा चालवतो. पण शब्द मला सुचला. लोढणं.

सुटलेलं, पळून जाणारं ढोर असलं की त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. ते चरायला हिंडतं, पाणी प्यायला जातं, त्याला काही होत नाही. पळायला लागलं की ओंडका पुढच्या पायांवर, गुडघ्यांवर बसतो. हळू चाला, लोढणं नसल्यासारखं. पळा, तर लोढणं आहेच. तुम्ही टेबलावर जे सांगितलंत ते हेच ना? आणि ढोर जितकं द्वाड, तितका ओंडका जड. तुमचे तीन हजार, सात हजार.

भुसावळहून

ताई, हे बसलं! पळून जाणारं ढोर म्हणजे हवेत उचललेलं चाक. लोढणं त्याला थांबवत नाही, पळू देत नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या चाकाच्या वाट्याला ताकद येते. लॉक केलेला डिफ म्हणजे दावणीला बांधलेलं ढोर. रिकामा डिफ म्हणजे मोकाट.

धुळ्याहून

मला एकच अडचण दिसते. 'गळ्यात लोढणं' आपण नकोशा ओझ्याला म्हणतो. विद्यार्थी समजेल की तेल म्हणजे गाडीवरचा भार आणि जितकं कमी तितकं बरं. खरं तर पुढच्या डिफमध्ये जाड तेलाने वळणात शिरताना गाडी शांत राहते आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर पुढून ओढून नेते. पातळ केलं तर शिरताना तीक्ष्ण वळते, बाहेर पडताना ओढ कमी. मागे पातळ तेल मागची पकड राखतं, जाड भरलं तर जोर देताच मागचा भाग बाहेर झुकतो. म्हणजे कमी-जास्त दोन्हींचा उपयोग आहे.

शहाद्याहून

सर, ओझं ते माणसाच्या गळ्यात घातल्यावर. ढोराच्या गळ्यातलं लोढणं गुराख्याने विचार करूनच बांधलेलं असतं. ढोर वाचावं, दुसऱ्याचं पीक वाचावं म्हणून. शब्दाचा मूळ अर्थ चांगला होता, आपण तो घरात आणून बिघडवला. आपल्या ट्रॅकवर तो पुन्हा ढोराकडे नेऊ.

धुळ्याहून

हे मान्य. वर्गात सांगताना आधी ओंडका काढून दाखवीन, मग शब्द.

चाळीसगावहून

मग बॉल डिफला लोढणं म्हणायचं नाही, कारण तिथे वेगाने फरक पडत नाही. तिथे 'आवळ' पुरे : पाव आटा आवळ, अर्धा आटा ढील.

जळगावहून, मूळ प्रश्नकर्ता

ठरलं. डिफ तो डिफच. आतली छोटी चक्रं म्हणजे जुवाची चक्रं. तेलाचा स्वभाव सांगायचा तर जाड-पातळ, आणि त्याचं काम सांगायचं तर लोढणं. वंगण फक्त बेअरिंगला.

भाच्याला काल हे सगळं वाचून दाखवलं. त्याने बाटल्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि पेनने लिहिलं : 'मागचं लोढणं ३०००', 'पुढचं लोढणं ५०००', 'मधलं लोढणं ७०००, मे महिन्यात १००००'. ग्रीसच्या डब्यावर वेगळी पट्टी : 'वंगण. डिफमध्ये नाही.' संध्याकाळी मुरमाच्या ट्रॅकवर नेलं. मागच्या डिफमध्ये आता तीन हजार आहे, वळणाला गाडी मागचा भाग बाहेर न टाकता गेली. आज तो मागे पाच हजार भरून बघणार आहे.