दुकानाच्या ब्रँडचं सामान ट्रेकला चालतं का? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

ताई: सगळ्यांना एक विचारायचंय. चिरंजीव पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ट्रेकला निघालेत, दोन दिवस डोंगरात आणि एक रात्र तंबूत. हातात यादी आलीय, बूट, सॅक, पावसाचं जॅकेट, स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च आणि अजून काय काय. दुकानात गेलो तर शेजारी शेजारी दोन जॅकेटं लटकवलेली, एक मोठ्या नावाचं आणि एक त्या दुकानाच्याच ब्रँडचं, किमतीत केवढा तरी फरक, आणि मला तर हात लावून दोन्ही सारखीच वाटली. स्वस्तातलं घेतलं तर पोराचे हाल होतील का? ज्यांना कळतं त्यांनी सांगा.

मामा: नको घेऊस. डोंगरात चिकटपणा करायचा नाही. एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं.

दादा: मामांचं बरोबर आहे. स्वस्त घेतलं की वर्षभरात परत दुकानाची पायरी चढावी लागते.

वहिनी: अहो पण तुमच्या महागातल्या बुटांचं काय झालं ते सांगा ना आधी

दादा: ते वेगळं

वहिनी: वेगळं कसं, कितीतरी वर्षं माळ्यावर होते, काढले तेव्हा नव्यासारखे दिसत होते, आणि चढायला लागल्यावर तासाभरात एका बुटाचा सोल टाचेकडून सुटला, मग दुसऱ्याचा. नाडी गुंडाळून गुंडाळून खाली आणलं त्यांना.

मी: वहिनी हे फार महत्त्वाचं सांगितलंस, आणि यात दादाची काही चूक नाही, हे खूप जणांचं होतं. बऱ्याच ट्रेकिंग बुटांत तळव्याच्या वर जो मऊ थर असतो तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणामुळे तो थर आतल्या आत विरत जातो, बूट वापरा नाहीतर नुसता डब्यात ठेवा. वर्षं लोटली की भुगा होतो त्याचा. आणि बूट वापरात नसला तर कळतही नाही, वरून चामडं चकचकीत असतं. महाग बुटालाही हे चुकत नाही. उलट ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा थर असलेले हलके स्वस्त बूट असे अचानक सुटत नाहीत, ते दबून दबून सपाट होतात, म्हणजे आधी पायाला कळतं. त्यामुळे मामा, "एकदाच घ्या आणि जन्मभर वापरा" हे बुटांना तरी लागू होत नाही.

मामा: बरं बूट सोड. जॅकेटचं काय? पावसात दोन तास चाललं की कळतं कुठलं काय आहे ते.

मी: जॅकेटचं जरा सविस्तर सांगते कारण ताईचा मूळ प्रश्न तोच आहे. ताई, आत एक छोटं लेबल असतं बघ, त्यावर कितीतरी मिलिमीटर असा आकडा असतो, त्याला वॉटर कॉलम म्हणतात. आयएसओ ८११ नावाची चाचणी आहे, कापड ताणून धरतात, एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या ठिकाणी थेंब दिसला की तिथला दाब लिहून ठेवतात. १०००० मिमी लिहिलं असेल तर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब ते कापड झेलतं. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब त्यापेक्षा खूप कमी असतो, पण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबला जातो, ओल्या दगडावर बसलो की तिथे सगळं वजन येतं, म्हणून नुसते २००० मिमी वाले घेऊ नये, आठ दहा हजारच्या आसपासचं घ्यावं. आणि हा आकडा दुकानाच्या ब्रँडमध्येही मिळतो, दोन लेबलं शेजारी ठेवून वाचली तर कधी कधी एकच आकडा निघतो.

मी: पुढचं. कापड कितीही चांगलं असलं तरी पाणी शिवणीतून येतं. जॅकेट उलटं करायचं आणि आतून प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का बघायचं. खांद्यावर, टोपीच्या जोडावर आणि काखेत नक्की बघायचं, काही ठिकाणी फक्त मुख्य शिवणींनाच पट्टी लावतात आणि बाकीच्या तशाच सोडतात. पट्टीची कड नखाने जरा उचलून बघ, सुटत असेल तर ते जॅकेट परत हँगरला. चेनवर झाकण आहे का, टोपी मान फिरवल्यावर डोक्याबरोबर फिरते की डोळ्यावर येते, मनगटाला घट्ट करायची सोय आहे का. हे सगळं दुकानात उभ्या उभ्या बघता येतं, नावाची काही गरज लागत नाही.

ताई: मग महागात मिळतं तरी काय?

मी: मिळतं ना, खोटं कशाला बोलू. महागातल्या जॅकेटात आतला घाम बाहेर जास्त चांगला जातो. चढताना अंग तापतं, घाम वाफ होऊन बाहेर जायला पाहिजे, स्वस्त कापडातून ती कमी जाते मग आतून ओलं होतं आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय. गोरटेक्स वगैरे, म्हणजे कापडाच्या आत चिकटवलेला पातळ पडदा, त्याचं सगळं महत्त्व तेवढ्यासाठी आहे, बॉब गोर यांना तो ताणलेला टेफ्लॉन १९६९ मध्ये सापडला आणि पाणी आत न येता वाफ बाहेर जाणारं कापड त्यातून आलं. सहा सहा दिवस सलग पावसात चालणाऱ्याला तो फरक नक्की जाणवतो. एका रात्रीच्या ट्रेकला काखेखाली चेन असलेलं साधं जॅकेट घे, चढताना चेन उघडी ठेव, पुष्कळ काम होतं. आणि वजनात फरक पडतो, महागातलं हलकं असतं आणि मुठीएवढं घडी होतं.

दादा: माझं जॅकेट पहिल्या वर्षी छान होतं, थेंब घरंगळून जायचे, आता बाहेरून चिंब होतं. ते पण संपलं म्हणायचं का

मी: नाही दादा संपलेलं नसेल, वरचा थेंब घरंगळवणारा थर झिजलाय किंवा घाम तेल धूळ बसून दबलाय. लेबलवर काय लिहिलंय ते बघून सौम्य साबणाने धू, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि चालत असेल तर मंद गरम हवेत वाळव, उष्णतेने तो थर बऱ्याचदा परत जागा होतो. नाहीच झाला तर वरून लावायचा स्प्रे मिळतो. आतला पडदा सुटून पापुद्रे पडायला लागले असतील, हाताला चिकट लागत असेल, तर मात्र गेलं ते.

भाचा: मावशी पण आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे ब्रँडेड आहे, मी एकटाच दुकानाचं घेऊन गेलो तर कसं दिसेल

मी: राजा, मला कळतं तुला काय वाटतंय ते, तुझ्या वयात हे वाटतंच. पण दुकानाचा ब्रँड म्हणजे कुणीतरी घाईत शिवलेला माल असं समजू नकोस. खेळाच्या सामानाची दुकानं असलेल्या डेकॅथलॉनचं सिमाँ हे नाव बघ, ती फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या दरीतली बर्फाच्या कुऱ्हाडी घडवणाऱ्यांची जुनी कंपनी, १८६० पासूनची, ती त्यांनी २००८ मध्ये घेतली. गिर्यारोहणाचं सामान करणारे लोक तेच, नाव फक्त दुकानाच्या छताखाली आलं. दुकानाला मधला व्यापारी नसतो, जाहिरात कमी, म्हणून किंमत उतरते. आणि तुला एक सांगते, एमा गेटवूड नावाच्या आजी होत्या, ६७ वर्षांच्या, त्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतला ॲपलाशियन ट्रेल एकटीने एका दमात संपवला, तीन हजार किलोमीटरच्या वर अंतर. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, आणि पावसाला आडोसा म्हणून न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा.

मामा: त्या आजींचं धैर्य वेगळं, आपल्या पोराला पडदा पांघरून पाठवायचं का

मी: नाही मामा, तसं मुळीच म्हणत नाही. चालणारा माणूस आधी, सामान नंतर, एवढंच म्हणतेय. तुमची काळजी मला पटते. खरंच पैसे कुठे टाकायचे ते सांगते, म्हणजे बूट. त्यातही नावाला नाही, बसण्याला. पायात जड बूट असला की पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त दमायला होतं, कारण प्रत्येक पावलाला तो उचलावा लागतो. ताई, याला बूट बघायला संध्याकाळी ने, दिवसभरात पाय सुजतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून. बऱ्याच दुकानांत उतरती लाकडी फळी असते तिच्यावरून खाली उतरायला लाव, अंगठा पुढे टेकला की तो साइझ बाद, उतरताना नखं काळी पडतात त्याने. वर चढताना टाच आत वरखाली सरकली तरी बाद, फोड तिथेच येतात. दुकानाच्या ब्रँडचा बूट या दोन्हीत पास झाला आणि महागाचा नापास झाला तर डोळे मिटून स्वस्त घ्यायचा. रबराचे दात खोल आहेत का बघ, आणि नख दाबून बघ, अगदी कडक प्लास्टिकसारखं रबर ओल्या खडकावर घसरतं.

वहिनी: आणि घेऊन लगेच ट्रेकला घालू नये ना?

मी: बरोबर. आधी घरात, मग जिने, मग एखादी लांब फेरी.

आत्या: कपडे काय घ्यायचे? मी ऐकलं खास ट्रेकिंगचे टी शर्ट असतात

मी: आत्या त्यावर खर्च करूच नका. सुती नको एवढंच. सुती कापड घाम शोषून ओलं राहतं, वर वारा सुटला की अंगातली ऊब खेचून घेतं. कुठलाही पॉलिएस्टरचा खेळाचा टी शर्ट चालतो, घरात असेल तोच. वर एक फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं उबदार कापड, त्यावर जॅकेट. फ्लीस तर स्वस्तातलाच छान असतो.

ताई: स्लीपिंग बॅगवर तीन तीन तापमानं लिहिलीयत, त्यातलं कुठलं धरायचं?

मी: हां, इथे लोक फसतात. चांगल्या बॅगवर आयएसओ २३५३७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलंय. त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे येतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई आरामात पडून झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे नुसता जीव वाचायचा प्रश्न, झोपेचा विचारच नाही. काही स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरात एक्स्ट्रीमचाच आकडा छापतात, तो बघून घेऊ नकोस. कम्फर्ट बघ. आणि खाली मॅट चांगली पाहिजे, बॅगचा खालचा भाग अंगाखाली दबून जातो मग थंडी जमिनीतून येते. फोमची साधी घडीची मॅट उत्तम, फुटत नाही, तिला भोक पडत नाही.

दादा: हेडटॉर्चवर पण १०० तास २०० तास लिहितात

मी: त्यातही बघ, एफएल१ नावाचं मानक आहे, त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे लिहिलेल्या तासांतले शेवटचे कितीतरी तास उजेड मंदच असणार. जास्तीचे सेल बरोबर ठेवायचे. पोराने रात्री वाट शोधायची नाहीये, तंबूत आणि आसपास लागेल, साधी चालेल.

मामा: काठ्या?

मी: एक जोडी असली तर गुडघ्यांना बरं. फिरवून घट्ट करायच्या स्वस्त काठ्या वजन पडलं की हळूहळू खाली सरकतात, खटका लावायची घ्या. ॲल्युमिनियमची वाकते, कार्बनची तुटते, नवख्याला ॲल्युमिनियम.

मामा: बरं. पण माझं एक ऐक. यांनी कडा चढायचं ठरवलं, दोर लावून, तर? तेव्हा पण दुकानाचंच?

मी: मामा हा प्रश्न बरोबर विचारलात. दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हेल्मेट या गोष्टींत ब्रँड बघायच्या आधी मानक बघायचं. हेल्मेटवर ईएन १२४९२, दोरावर ईएन ८९२, हार्नेसवर ईएन १२२७७ ही युरोपातली मानकं, किंवा यूआयएए या गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा शिक्का. तो असेल तर दुकानाचंही चालतं कारण चाचणी तीच द्यावी लागते. नसेल तर फुकट मिळालं तरी नको. आणि कुणाचं वापरलेलं तर अजिबात नको, तो दोर आधी किती ताणला, कुठे घासला आपल्याला काय माहीत. ताई, याच्या या ट्रेकला दोर नाहीये ना, नक्की विचारून घे आयोजकांना.

ताई: विचारलं होतं, नुसतं चालणं आहे. वाट मळलेली आहे म्हणाले.

मी: मग निवांत घे दुकानाचं. माझ्या मते बूट थोडे जास्त घालून घ्यावेत, जॅकेट लेबल वाचून, बाकी सगळं साधं. स्लीपिंग बॅग तर कुणाकडून उसनी मिळाली तरी बघ, एका रात्रीसाठी विकत कशाला. आणि उरलेल्या पैशात प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, फोडाच्या पट्ट्या, जास्तीचे मोजे.

मामा: ठीक आहे. बूट माझ्याकडून. पण त्या फळीवर चालवून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

ताई: मामा असं नको

मामा: पहिला ट्रेक आहे त्याचा, मला घेऊ दे

भाचा: थँक्यू मामाआजोबा! मावशी सॅक राहिली

मी: सॅकला पाठ मोजावी लागते. मान खाली घाल, मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत. आईला टेप धरायला सांग. सॅकचं बहुतेक वजन कमरपट्ट्यावर आलं पाहिजे, पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. स्वस्त सॅक बऱ्याचदा एकाच मापात येतात, त्यातल्या काहींची पाठ खालीवर सरकवता येते, तसली शोध. एका रात्रीला ४० लिटर पुरे.

भाचा: आईने मोजली. ४६ सेंटीमीटर.

मी: मग मधल्या मापाची बघ. आणि रिकामी घालून बघू नकोस, दुकानात वजनाच्या पिशव्या असतात त्या मागून घे, आत टाक आणि दहा मिनिटं तिथेच फिर. खांदे दुखले तर आधी कमरपट्टा घट्ट कर, तरी दुखले तर दुसरी घे.

ताई: शनिवारी संध्याकाळी जातोय. मोजे बरोबर घेऊन. तू पण येशील का?

मी: येते. लेबलं मी वाचते, तू शिवणी बघ.