मे महिन्यात ठाण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण: सात दिवस, सीएनजी एर्टिगा, सहा माणसं. प्लॅन बघा जरा

वडवली_घोडबंदर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं आहे. आम्ही दोघं, आई-बाबा (बाबांच्या गुडघ्याचा त्रास आहे) आणि दोन मुलं, वय ९ आणि १३. गाडी एर्टिगा, कंपनी फिटेड सीएनजी. महामार्गाने सरळ जायचं नाही, समुद्र धरूनच जायचं आहे. कागदावर असं मांडलं आहे:

सोमवार: ठाणे, अलिबाग, काशीद, मुरूड (मुक्काम)
मंगळवार: दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर
बुधवार: केळशी, हर्णै, दापोली
गुरुवार: गुहागर
शुक्रवार: गणपतीपुळे, रत्नागिरी
शनिवार: देवगड, मालवण
रविवार: मालवण ते ठाणे

नकाशावर रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटरच दिसतात, म्हणजे आरामात व्हायला हवं. फेरीबोटींचं बुकिंग आधी करावं लागतं का? सीएनजी वाटेत मिळतो का? आणखी काय राहिलं आहे?

खाडीपलीकडे

आधी मालवण काढा. शनिवारी संध्याकाळी पोचून रविवारी सकाळी निघायचं असेल तर तिथे फक्त झोपायला जाताय. शिवाय मेमधल्या रविवारी मुंबईकडे परत येणं म्हणजे माणगाव-इंदापूरला दोन-तीन तास उभं राहणं. रविवारी निघा, शनिवारी परत या, आणि गणपतीपुळ्याला थांबा. जाताना सगळं जग परत येत असतं, येताना सगळं जग जात असतं.

दुसरं, या रस्त्यावर किलोमीटर मोजून चालत नाही, खाड्या मोजायच्या. तुमच्या वाटेत मोठ्या पाच आहेत. कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल आहे, तो प्रश्न मिटला. उरलेल्या चार अशा:

राजपुरी खाडी: आगरदांडा ते दिघी
सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी: बागमांडला ते वेश्वी
वाशिष्ठी: दाभोळ ते धोपावे
शास्त्री: तवसाळ ते जयगड

चारही ठिकाणी गाडी नेणारी फेरीबोट आहे. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात, रस्ता विचारताना हाच शब्द वापरा. पाण्यावरचा वेळ पाच ते वीस मिनिटं. रांग हा वेगळा विषय. आडवारी दोन फेऱ्यांत नंबर लागतो, शनिवार-रविवारी तासदीड तास धरून चला. आधी बुकिंगची गरज नाही, जेटीवरच तिकीट. गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं असतं, तेव्हा खिडकीवर माथी मोजून सांगा.

बोट चुकली तर काय होतं ते बघा. बागमांडल्याहून वेश्वी समोर दिसते, पण रस्त्याने जायचं तर म्हसळा, आंबेत, मंडणगड असा अर्धा दिवस जातो. दाभोळ चुकलं तर चिपळूणवरून शंभरच्या वर किलोमीटरचा वळसा. शेवटच्या फेरीच्या भरवशावर कधी राहू नका. दिवसातली खाडी दुपारी चारच्या आत ओलांडायची, असा नियमच करा. सकाळी निघताना मुक्कामाच्या घरमालकांना विचारा, "आज बोट चालू आहे ना?" दुरुस्तीसाठी एखादी बोट बंद असली तर त्यांना सगळ्यात आधी कळतं.

बोटीवर चढताना: सगळ्यांना उतरवा आणि गाडीत फक्त चालवणारा ठेवा. सहा माणसं आणि सामान असलं की एर्टिगा मागून बसते, आणि रॅम्प जिथे जेटीला टेकतो त्या खोबणीत गाडीचा पुढचा ओठ किंवा मागचा सायलेन्सर घासतो. ओहोटीला हा उतार जास्त तीव्र असतो. पाण्यातून वर आलेल्या काँक्रीटवर शेवाळ असतं, तिथे पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने चढायचं. मध्येच क्लच दाबला तर चाक फिरतं आणि गाडी मागे येते. बोटीवर हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, इंजिन बंद, आरसे मिटलेले. काही बोटींना रॅम्प एकाच बाजूला असतो, मग एक वेळ रिव्हर्स घ्यावा लागतो. खलाशी हातवारे करतो तिकडे बघा, स्क्रीनवरच्या कॅमेऱ्याकडे नको.

पाऊणपट

वरच्या प्रतिसादात खाड्या आल्या, पण भरती-ओहोटी राहिली. सहल बहुतेक वेळा तिथेच फसते. हरिहरेश्वरला लोक पोचतात तेव्हा प्रदक्षिणेच्या वाटेवर पाणी असतं. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याला चालत जायला मिळेल असं वाटतं, तर मध्ये छातीभर समुद्र.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ × ¾ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेनऊ आणि रात्री सव्वानऊ. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जायच्या आधी भरतीच्या तक्त्यावर वेळ पक्की करा. पण दिवस ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता यातली मेख. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी ना धड चढत, ना धड आटत. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून कुलाबा किल्ल्याला निघालात तर वाट पूर्ण उघडी मिळेलच असं नाही. किल्ल्यासाठी द्वितीया ते चतुर्थी उत्तम: ओहोटी सकाळी सव्वासात ते पावणेनऊ आणि पाणीही चांगलं उतरलेलं. बाबांसाठी घोडागाडी मिळते. वाळूत दगड आहेत, गुडघ्यावर ताण नको.

तुम्ही रविवारी निघालात तर तिथी कोणती येते ते सांगा.

वडवली_घोडबंदर

बघितलं, रविवारी द्वितीया आहे! मालवण काढलं. आता दिवसवार लावून द्याल का?

पाऊणपट

द्वितीया म्हणजे लॉटरीच लागली.

रविवार, द्वितीया: ओहोटी सकाळी सव्वासातला. घोडबंदरहून चारला निघा. कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, पळस्पे, वडखळ. पावणेसातपर्यंत अलिबागच्या पुळणीवर. किल्ल्यातून साडेआठच्या आत परत फिरायचं, पाणी परत यायला लागतं तेव्हा ते आधी मधल्या खोलगट भागात भरतं. मग रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड.

सोमवार, तृतीया: राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, सकाळीच. बाबांना होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरणं कठीण जाईल. होडी लाटेवर वरखाली होत असते आणि पाय नेमका तेव्हाच टाकायचा असतो. मग आगरदांडा-दिघी बोट, दिवेआगर, शेखाडीवरून किनाऱ्याचा रस्ता, श्रीवर्धन. मुक्काम हरिहरेश्वरला.

मंगळवार, चतुर्थी: ओहोटी पावणेनऊला. प्रदक्षिणेला साडेसातला उतरा आणि साडेनऊच्या आत वर या. कारणं दोन: पाणी, आणि दहानंतर तो काळा कातळ अनवाणी पायाला चटके देतो. ज्या दगडावर ओला काळपट चट्टा दिसतो तिथवर लाट येते, तिथे फोटोसाठी उभं राहायचं नाही. नंतर बागमांडला-वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव संध्याकाळी चार-पाचला भरतो, त्याआधी पोचा.

बुधवार: दाभोळवरून गुहागर, दोन मुक्काम. मुलांना आणि बाबांना एक दिवस गाडीशिवाय हवाच.

गुरुवार, षष्ठी: भरती दुपारी साडेचारला. हेदवीला दशभुजा गणपती आणि नंतर खालची बामणघळ. तिला भरतीच हवी, ओहोटीला ती नुसती भेग दिसते. लाट घळीत शिरून वर कारंज्यासारखी उडते. दोन-तीन लाटा छोट्या येऊन चौथी मोठी येते, म्हणून कडेपासून चांगलं लांब उभं राहायचं. तिथे माणसांचे जीव गेले आहेत.

शुक्रवार: तवसाळ-जयगड, गणपतीपुळे. शनिवारी परत.

चौथा_गिअर

गाडीचं बोलू.

सीएनजी: ६० लिटरच्या टाकीत साधारण ८ किलो गॅस बसतो, एसी आणि सहा माणसं धरून दीडशे किलोमीटरच्या आसपास. महामार्गावर पंप आहेत, पण रांगा लांब असतात, आणि श्रीवर्धन ते गुहागर किनाऱ्याच्या पट्ट्यात त्यावर विसंबू नका. पेट्रोलची ४५ लिटरची टाकी पूर्ण भरून निघा आणि खाडीचा पट्टा पेट्रोलवरच करा. चढाला पेट्रोलवर जोरही बरा मिळतो. गॅस पहाटे भरा. दुपारच्या उन्हात तोच दाब दाखवला तरी गॅस कमी मावतो. सीएनजी टाकीच्या हायड्रो टेस्टची (दाबाच्या चाचणीची) तारीख बघा, दर तीन वर्षांनी करावी लागते. प्लेटवरची तारीख उलटली असेल तर पंपवाला परत पाठवतो.

महिनाभर नुसती पेट्रोलची टाकी तळाला ठेवून सीएनजीवर फिरत असाल तर निघायच्या आठवडाभर आधी दोन दिवस गाडी पेट्रोलवर चालवून बघा. फ्युएल पंपाचं दुखणं ठाण्यात कळलेलं बरं, मंडणगडच्या घाटात नको.

सामान: तिसरी सीट वापरात असली की मागे एक-दोन बॅगाच बसतात. कॅरिअरवर ३०-४० किलोच्या वर नको, ताडपत्री खालून गुंडाळून बांधा. दरवाजातून वळवलेली दोरी पावसात पाणी आत आणते, आणि मेमध्ये वळीव ठरलेला. टायरची हवा गार टायरमध्ये भरा, दाराच्या चौकटीवर 'पूर्ण भार' म्हणून जो आकडा दिला आहे तो.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की वास येतो, पाच मिनिटांनी पेडल खाली जायला लागतं. समोरून एसटी आली तर रुंद जागा बघून तुम्हीच थांबा, तिला ते वळण रोजचं आहे.

आणि गाडी लागणं. किनाऱ्याच्या रस्त्यावर वळणं संपत नाहीत. लहान मुलाला तिसऱ्या सीटवर बसवू नका, मधल्या सीटवर खिडकीशी बसवा. वाटेत मोबाईल नाही, सकाळी तळलेलं नाही. गोळी द्यायची असेल तर निघण्याआधी अर्धा-एक तास, वाटेत दिली तर ती पोटात राहत नाही. मात्रा डॉक्टरांना विचारून.

वडवली_घोडबंदर

मुलं म्हणताहेत दापोलीजवळच्या कर्द्याच्या वाळूत गाडी न्यायची. आणि घोडबंदरहून भाऊच्या धक्क्याला जाऊन मांडव्याची रो-रो (गाडी नेणारी बोट) घेतली तर वेळ वाचेल का?

चौथा_गिअर

रो-रो: नाही. घोडबंदर ते भाऊचा धक्का हाच प्रवास दीड तासाचा, वर तासभर आधी पोचायचं आणि तासभर पाण्यात. दक्षिण मुंबईकराला ती सोयीची आहे. तुम्ही पळस्प्यावरूनच जा.

वाळू: अजिबात नाही. पुळणीवर गाडी नेण्यावर बंदी असते, गुन्हे दाखल होतात. त्याहून वाईट म्हणजे ओली वाळू वरून डांबरासारखी घट्ट दिसते, पण भरतीच्या रेषेखाली पाणी झिरपलेलं असतं. गाडी उभी केली की चाकाभोवती पाणी जमतं आणि ती स्वतःच्या वजनाने बसते. मग ॲक्सिलरेटर दिला की पुढची चाकं स्वतःची कबर खणतात. भरतीला सहा तास असतील असं वाटतं, पण सपाट किनाऱ्यावर पाणी मधल्या दोन तासांत झपाट्याने येतं. चुकून रुतलीच तर रेस थांबवा, सगळे उतरा, चाकापुढची वाळू हाताने काढा, हवा १८ पीएसआयपर्यंत सोडा, खाली मॅट घाला आणि सरळ चाकांनी हळू बाहेर या. ट्रॅक्टर लागलाच तर भाव तो सांगेल तो.

खाडीपलीकडे

परतीचं आणि पोटाचं राहिलं.

शनिवारी गणपतीपुळ्याहून पहाटे पाचला, चाफे-जाकादेवीवरून निवळीला महामार्ग. चिपळूण, खेड, कशेडीचा बोगदा, महाड. पुढे कोलाडपर्यंत ठीक असेल तर सरळ पेण. नकाशावर वडखळकडे लाल दिसलं तर वाकण फाट्याला उजवीकडे पाली, खोपोली आणि तिथून पनवेल. लांब पडतं पण चाकं फिरत राहतात.

जेवण: घरगुती खानावळीत आयत्या वेळी सहा ताटं मिळत नाहीत. सकाळी नऊच्या आत फोन करून किती ताटं, शाकाहारी किती, मासे किती ते सांगा. दिवेआगर, केळशी, गुहागरला उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगा. केळशी-वेश्वी भागात रेंज जाते, यूपीआय अडकतं. आठ-दहा हजार सुट्ट्यांसकट रोख ठेवा, नकाशा ऑफलाईन उतरवून घ्या. खोली घेताना एसीच्या आधी विचारा, "पाणी आणि इन्व्हर्टर आहे का?"

२० मेच्या पुढे ढकलू नका. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत आला होता. जलक्रीडाही २६ मेपासून बंद होतात.

आंबे येताना घ्या, जाताना नाही. पेटी गाडीत उन्हात राहिली की वरचे पिकून फुटतात आणि खालचे कच्चेच राहतात. बागायतदाराकडून कच्च्या-पिक्क्याची मिसळ घ्या, गवतात लावलेली. पेटी मधल्या सीटच्या पायाशी ठेवा, कॅरिअरवर नाही. महामार्गावरच्या ढिगात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून मिळतो. एक फळ कापून दाखवा म्हणा, तो कुरकुरला तर पुढे चला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला सांगा. चार खाड्यांचं खारं पाणी चाकांच्या आतल्या बाजूला आणि सायलेन्सरच्या जोडांवर बसलेलं असतं. नुसती बॉडी धुतली तर ते तिथेच राहतं.