साठीनंतरच्या स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार: माहिती कुठून घ्यावी?

प्रश्न: प्रबंधासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे चालतील का?

प्रतिसाद १: नाही. त्यात १५ ते ४९ वयाच्याच स्त्रिया येतात. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) अहवालात ज्येष्ठांवरील गुन्ह्यांचं प्रकरण पाहा. पण तिथे फक्त पोलिसांत नोंदलेलेच गुन्हे दिसतात.

प्रतिसाद २: मुलाखत एकांतातच घ्या. अत्याचार करणारा घरातला किंवा काळजीवाहक असू शकतो. तो शेजारी बसला तर उत्तर "सगळं ठीक" असंच येणार. 'अत्याचार' हा शब्द टाळून कृती विचारा: आंघोळ घालताना कुणी नको तसा हात लावला का?

प्रतिसाद ३: रुग्णालयातले कागद जपून वाचा. रजोनिवृत्तीनंतर योनीचं अस्तर पातळ होतं, इजा सहज होते. तरीही इजा नाही म्हणजे अत्याचार नाही, असं मुळीच नाही. रक्तस्राव 'वयामुळे' म्हणून सोडून देतात, हे फार संतापजनक आहे.