‘इन्क्लुझिव्ह सेदर’ला मराठीत काय म्हणायचं?

माझी एक मैत्रीण बेने इस्रायल (म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), ठाण्यात वाढलेली, आता कॅलिफोर्नियात असते. तिकडे काही ज्यू मंडळी पेसाहला (म्हणजे वल्हांडण सणाला) असा सेदर, म्हणजे त्या सणाचं विधीचं जेवण, ठेवतात की आफ्रिकन-अमेरिकन, इथिओपियन, चिनी, मेक्सिकन, भारतीय सगळ्या ज्यूंनी यावं, कारण एरवी सिनेगॉगात गेलं की ‘तुम्ही मूळचे ज्यू का’ हे दारातच विचारतात आणि ते फार लागतं हो. आमंत्रणात ‘इन्क्लुझिव्ह’ आणि ‘ज्यूज ऑफ कलर’ असे शब्द आहेत, तिला ते आजीसाठी मराठीत हवंय. मी ‘विविधवर्णीय ज्यूंचा सर्वसमावेशक वल्हांडण मेळावा’ केलंय पण ते जीआर वाचल्यासारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १

वल्हांडण शब्द सुंदर आहे, वलांडणे म्हणजे ओलांडणे, देवाचा कोप इस्रायली घरं ओलांडून पुढे गेला तो सण. पण तो मराठी बायबलमधला, ‘बेखमीर भाकरी’सारखाच. बेने इस्रायल घरात पेसाहच म्हणतात. त्यांचं जुनं कोकणातलं नाव तर अजून वेगळं, ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे आंबट कालवणाचं भांडं, ते या दिवसांत ढाकून ठेवायचं, आंबवलेलं खायचं नाही म्हणून.

प्रतिसाद २

‘वर्णीय’ मात्र आजीला पाठवू नका, कळकळीने सांगतेय. बेने इस्रायलांमध्ये पूर्वी गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते, आणि ते कातडीच्या रंगावरून नव्हते, बाहेरच्या बाईशी संबंध झाला त्याची मुलं काळे इस्रायल. त्यांच्याशी सोयरीक नाही, जेवणाखाणातही वेगळं. म्हणजे आज अमेरिकेत ज्या प्रश्नाने त्या नातीला दारात अडवतात तोच प्रश्न आपल्या रायगडच्या गावांतही विचारला जायचा, फक्त मराठीत. आजीच्या पिढीला हे शब्द ऐकून माहीत असणार. त्यापेक्षा ‘देशोदेशीचे ज्यू’ म्हणा, नाहीतर सरळ कोण कोण येणार ते लिहा.

आता ‘इन्क्लुझिव्ह’. सेदर या हिब्रू शब्दाचा अर्थ क्रम, मांडणी. आधी कोथिंबीर किंवा सेलरी मिठाच्या पाण्यात बुडवायची, मग मात्सा (न आंबवलेली भाकरी) मोडायची, मग गोष्ट सांगायची, असं सगळं ओळीने चालतं म्हणून त्या जेवणाचंच नाव सेदर पडलं. आणि आपली पंगत? पंक्ती म्हणजे ओळ, तिच्यावरून जेवणाचं नाव पंगत! दोन्ही भाषांनी ओळीवरूनच जेवणाला नाव दिलं. शिवाय त्या पंगतीत कोणाला कुठे बसवायचं यावरून जे व्हायचं त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. म्हणून माझं मत, ‘एकच पंगत’. सर्वसमावेशक हे ऑफिसात ठीक आहे, ताटावर बसलेल्या माणसाला ते काही सांगत नाही.

प्रतिसाद ३

वरच्याला जोडून. हग्गादा (म्हणजे कथन, सेदरला वाचायचं पुस्तक) वाचायला लागलं की सुरुवातीलाच अरामी भाषेत आमंत्रण येतं, ‘कोल दिखफिन येते वेयेखोल’, जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. मूळचा का, कुठला, असं त्यात काहीच विचारलेलं नाही. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पहिल्या स्मृतिदिनी एका कृष्णवर्णीय चर्चच्या तळघरात जो फ्रीडम सेदर झाला त्यात गोरे-काळे, ज्यू-ख्रिस्ती मिळून शेकडो लोक बसले होते. आणि १८७४ ला पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, तिच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका खाली बसून मात्सा करताना दाखवल्यात. तिथल्या लोकांना ते चित्र दाखवाच, ज्यू म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढे एकच चेहरा येतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आमंत्रण असं गेलं: ‘पेसाहचा सेदर. देशोदेशीच्या ज्यूंची एकच पंगत. जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं.’ आजीचा फोन आला, अनशी ढाकाचा सण हे नाव तिने तिच्या आजीकडून ऐकलं होतं म्हणाली, आणि साडीतल्या बायकांचं चित्र तिला मोठं छापून हवंय.