मळमळ म्हणजे नॉशिया, मग 'कसंतरीच होतंय' म्हणजे काय?

मंडळी, भाची जीआरईचा (अमेरिकेत पुढे शिकायला जाताना द्यायची ती प्रवेशपरीक्षा) अभ्यास करतेय आणि सध्या आमच्या घरात फ्रीजवर, आरशावर, परवा तर पिठाच्या डब्यावर सुद्धा पिवळ्या चिठ्ठ्या आहेत. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. तिने गठ्ठे पण केलेत, क्षमतेचे शब्द, भावनांचे, शरीराला काय होतं त्याचे, आणि तब्येतीचे. भाजी निवडता निवडता चाळले तर ॲप्टिट्यूड, केपेबिलिटी, प्रोएस, नॅक, डेक्स्टेरिटी, पाचही चिठ्ठ्यांच्या मागे एकच शब्द, 'क्षमता'. म्हटलं अगं बाई, एकाच शब्दात भागलं असतं तर त्या लोकांनी पाच कशाला ठेवले असते?

ती म्हणते मावशी परीक्षेपुरतं चालतं. मला नाही पटलं. पूर्वी त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारायचे, ते २०११ साली बंद झालं. आता वाक्यात गाळलेली जागा असते आणि सहापैकी असे दोन शब्द निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच होईल. तिथे पाचही शब्द 'क्षमता' असले तर पोरगी बसेल नाणं उडवत.

मग आम्ही दोघी बसलो. नॅक म्हणजे सरळ हातोटी, पुरणपोळी न फाटता लाटायची असते ना ती, शिकवून येत नाही पण सवयीने येते. ॲप्टिट्यूड त्याच्या आधीचं, कल. डेक्स्टेरिटी म्हणजे हात चालणं, बोटांचं कसब. प्रोएस मूळचा रणांगणावरचा शब्द, आता खेळाडूंना लावतात, त्यात पराक्रमाचा वास आहे म्हणून कारकुनाच्या फायलिंगला प्रोएस म्हटलं तर चेष्टा वाटेल. आणि आपल्याकडे 'वकूब' आहे, त्यात क्षमता कमी आणि तिची मर्यादाच जास्त ऐकू येते, "आपला वकूब ओळखून बोल" असंच म्हणतो आपण, "तिचा वकूब फार मोठा" हे क्वचित. हातगुणाला काही सुचलं नाही, डॉक्टरचा हातगुण चांगला हे इंग्रजीत कसं सांगायचं?

पण भावना आणि शरीराच्या गठ्ठ्यात आम्ही साफ अडकलो. 'कसंतरीच होतंय' ला काय? जाणकारांनी सांगा.

* * *

ताई, डेक्स्टेरिटीवरून आठवलं, लॅटिनमध्ये डेक्स्टर म्हणजे उजवा, आपला दक्षिण आणि तो एकाच कुळातले. आणि डावा म्हणजे सिनिस्टर, ज्याचा आज इंग्रजीत अर्थ अशुभ, कपटी. वर कळस म्हणजे दोन्ही हातांनी काम करणाऱ्याला ॲम्बिडेक्स्ट्रस म्हणतात, शब्दशः बघितलं तर ज्याचे दोन्ही हात उजवे तो! आम्हा डावखुऱ्यांचा हात कामाला लागला तरी नाव उजव्याचं. आपला सव्यसाची त्यापेक्षा बरा, डाव्या हातानेही बाण मारणारा, तिथे निदान डाव्याचा उल्लेख तरी आहे. (सचिन बॅटिंग उजव्या हाताने करतो आणि लिहितो डाव्याने, हे लहानपणी कळलं तेव्हा मी आठवडाभर शाळेत मिरवत होतो.)

* * *

मी डॉक्टर आहे, ताई तुमच्या भाचीला एक विनंती, 'चक्कर' ची एकच चिठ्ठी करू देऊ नका. पेशंट "चक्कर येते" म्हणाला की माझा पहिला प्रश्न असतो, खोली फिरते का डोळ्यांपुढे अंधारी येते? कारण दोन वेगळे रस्ते आहेत. गरगरतं, सगळं फिरतं, तो व्हर्टिगो, तो शब्दच लॅटिनमधल्या 'फिरणे' या धातूवरून आलाय. झोपेत कूस बदलली आणि मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर झाली तर बहुतेक वेळा आतल्या कानातले बारीक खडे जागेवरून हललेले असतात, डोकं ठराविक पद्धतीने वळवून ते परत जागेवर आणता येतात, गोळ्यांची गरजही पडत नाही पुष्कळदा. आणि उठून उभं राहिल्यावर अंधारी आली, हलकं हलकं वाटलं, तर ते लाइटहेडेड, तिथे आम्ही बीपी बघतो. खरंच कोसळला तर सिंकपी.

आपल्याकडे शब्द आहेत हो सगळे. गरगरणं, भोवळ, घेरी, अंधारी, झोकांडी जाणं. पण दवाखान्यात आले की सगळे 'चक्कर' म्हणतात, आणि इंग्रजी बोलणारे 'गिडिनेस'. उलट माझी सासू कोल्हापूरकडची, ती "डोळ्यापुढं अंधारी आली आणि मटकन खाली बसलो" असं सांगते, म्हणजे निम्मं निदान तिथेच झालं.

* * *

इंग्लंडमध्ये राहतो, तब्येतीच्या शब्दांवरून माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी ताप आला म्हणून घरी राहिलो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं "आय वॉज सिक". समोरचीने एकदम नाक मुरडल्यासारखं केलं आणि विचारलं, ट्रेनमध्ये का? मला काही कळेना. नंतर समजलं, इकडे 'आय वॉज सिक' म्हणजे मी ओकलो. आजारी असाल तर 'इल'. अमेरिकेत सिक म्हणजे सरळ आजारी, त्यामुळे सिरियली बघून शिकलेले आपण इथे येऊन पडतो. इथले लोक बरं नसलं की 'पूर्ली' म्हणतात आणि चेहरा उतरलेला, पांढरट दिसला की 'पीकी'. 'पीकी' ला मला आजीचं "तोंड एवढंस्सं झालंय पोराचं" फार जवळचं वाटतं.

* * *

मळमळीवरून. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायचो. आई निघायच्या आधीच लिंबू हातात द्यायची, हुंगत बस म्हणायची, कारण मला बोट लागायची. धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर न्यायचे, त्या पडावात तर लिंबाचाही उपयोग नाही. तर सांगायचं हे की नॉशिया हा शब्द ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज त्यावरून आलाय, मूळ अर्थ बोट लागणे हाच! आणि नाउस आणि आपली 'नौ', 'नौका' हे सख्खे चुलत. पुढे ग्रीकांचा शब्द जमिनीवर उतरला, कुठल्याही मळमळीला चालायला लागला. आमची बोट मात्र लागायचीच राहिली, वर घाटात एसटी लागायला लागली.

* * *

काका क्या बात है. त्यात अजून एक जोडतो. अंगावर काटा येणे याला इंग्रजीत गूजबम्प्स आहेच, पण जीआरईवाल्यांचा आवडता शब्द हॉरिपिलेशन. लॅटिन हॉरेरे म्हणजे केस ताठ उभे राहणे, पिलस म्हणजे केस. त्याच हॉरेरे वरून हॉरर. आणि संस्कृत 'हृष्' धातू त्याच मुळाचा, ज्यावरून आपला हर्ष! म्हणजे मुळात दोघांनी एकच गोष्ट पाहिली, केस उभे राहिले, एकाने त्याला भीती म्हटलं, दुसऱ्याने आनंद. त्वचेखाली केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो तो आखडतो, त्याला काय माहीत वर भूत आहे का भीमसेन जोशी.

तरी गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन "वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते" (अंग कापतंय, काटा येतोय) म्हणतो तेव्हा त्याला हर्ष बिर्ष काही झालेला नाही, हातपाय गळालेत, तोंड कोरडं पडलंय, कातडीची आग होतेय, गांडीव हातातून सुटतंय. आज कोणी हे दवाखान्यात सांगितलं तर पॅनिक अटॅक लिहितील.

भाचीला सांगा शरीराच्या गठ्ठ्यासाठी अष्टसात्त्विक भाव घे, म्हणजे भावना दाटली की शरीरावर आपोआप उमटणारी आठ लक्षणं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. वेपथु म्हणजे अंग कापणं, ट्रेमर; वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं, पॅलर; प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं, स्वून. नाट्यशास्त्राने आठाची यादी करून ठेवलीय, फुकटची चिठ्ठी.

* * *

धागा काढणारी मीच परत. डॉक्टर, काका, सगळ्यांचे आभार, भाचीने 'चक्कर' फाडून तीन चिठ्ठ्या केल्या.

वाचता वाचता माझ्या एक लक्षात आलं. इंग्रजीत माणूसच काहीतरी असतो, तो अँक्शस (काळजीत) असतो, डिझी (चक्कर येणारा) असतो, क्वीझी (मळमळणारा) असतो. आपल्याकडे माणूस बाजूला बसलेला असतो आणि गोष्टी त्याच्याकडे येतात. काटा येतो, भोवळ येते, उमाळा येतो, उचकी लागते, ठसका लागतो, थंडी वाजते, हुडहुडी भरते, धडकी भरते, कापरं भरतं, घाम फुटतो. ही क्रियापदं अदलाबदल करून बघा, घाम भरत नाही आणि धडकी लागत नाही. म्हणजे आपला अर्थ निम्मा क्रियापदात राहतो आणि चिठ्ठीवर नुसतं नाम लिहिलं की तो गळून पडतो. शिव्हर ला तिने 'कंप' लिहिलं होतं, कोण म्हणतं घरात कंप? थंडीने होतं ते शिव्हर, म्हणजे हुडहुडी भरली. भीतीने होतं ते बरेचदा ट्रेम्बल, म्हणजे कापरं भरलं. एखादी किळसवाणी गोष्ट आठवून एकदाच सर्रकन होतं ते शडर. विन्स साठी 'चेहरा कसनुसा झाला' लिहिलं, मला तर तो इंग्रजीपेक्षा बरा वाटला. आता नियम केलाय, मागच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, घरात कोणीतरी खरंच बोलेल असं आख्खं वाक्य लिहायचं.

'कसंतरीच होतंय' साठी मॅलेझ ठरवलंय. फ्रेंचमध्ये माल म्हणजे वाईट, एझ म्हणजे आराम, ताप नाही दुखत नाही पण बरं नाही. डिसीझ मध्ये पण तोच ईझ आहे म्हणे, मुळात फक्त 'चैन नसणे'. आपलं अस्वस्थ अगदी तसंच झालंय ना, आजाऱ्यालाही चालतं आणि निकालाची वाट बघणाऱ्यालाही. गंमत 'स्वस्थ' ची, हिंदीवाल्याचा स्वस्थ मुलगा म्हणजे ठणठणीत, आणि मराठीत आई ओरडते "स्वस्थ बस जरा", म्हणजे ठणठणीतपणा आवर.

कोणी बोरबोरिग्मस सांगेल का? तिने 'पोटात कावळे ओरडणे' लिहिलंय.

* * *

डॉक्टर परत. कावळे नको. कावळे म्हणजे भूक, आणि बोरबोरिग्मस जेवून उठल्यावरही होतो, आतड्यातून हवा आणि पाणी सरकताना जो आवाज येतो तो. ग्रीकांनी आवाजावरूनच नाव ठेवलंय, आपण पण. 'पोटात गुडगुडतंय' लिहा.

आणि त्याच गठ्ठ्यात फॉर्मिकेशन असेल, फॉर्मिका म्हणजे मुंगी, अंगावर मुंग्या चालल्याचा भास. पाय अवघडून 'मुंग्या येतात' तो नाही बरं, तो पिन्स अँड नीडल्स. स्पेलिंग तिला नीट दोनदा तपासायला सांगा, एका अक्षराचा फरक पडला तर चिठ्ठी पिठाच्या डब्यावर लावता येणार नाही.