मदत हवी आहे: कूलंट बदलायचं की नाही? (इंदूर)

नवलखा_नाका:
सर्व्हिसवाला कूलंट (इंजिन गार ठेवणारं, थंडीत न गोठणारं द्रव) बदला म्हणून मागे लागलाय. गाडी मस्त आहे, टेंपरेचरचा काटा कधी अर्ध्यावर गेला नाही. इंदुरात काय बर्फ पडतो? शनिवारी पुण्याला निघायचंय, पटकन सांगा.

चाकोरी:
गाडी कोणती? साल? किलोमीटर? मागे कधी बदललं? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

नवलखा_नाका:
पेट्रोल, २०१९, ६८ हजार. कंपनीतून आलं तेच आहे.

घाटकरी:
बर्फाचं सोडा. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळतं, ते आपल्या मे महिन्यात उपयोगी. पण बदलायचं ते त्यातल्या गंजरोधक रसायनांसाठी. ती हळूहळू संपतात, ग्लायकॉल तसंच राहतं. म्हणून वरून चांगलं दिसणारं कूलंटही आतून धातू खात असतं. जुन्या पद्धतीचं साधारण २ वर्षं टिकतं, लाँग लाइफ ५ किंवा जास्त. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

डिझेलदादा:
आम्ही ॲम्बॅसॅडर नळाच्या पाण्यावर भेरूघाट चढवली भिया. हे सगळे विकायचे धंदे.

घाटकरी:
दादा, ते ओतीव लोखंडाचं इंजिन. आता हेड (इंजिनाचा वरचा भाग) नि रेडिएटर ॲल्युमिनियमचे. शिवाय बोअरिंगच्या पाण्याने गिझरची कॉइल कशी होते ते घरी बघा.

डिझेलदादा:
नर्मदेचं पाणी म्हणतोय मी, बोअरिंगचं कुठे?

माळवी_शेव:
बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. माझी अजून ठणठणीत.

चाकोरी:
बॅटरीचं कोणी विचारलं?

राजवाडा_रिटर्न:
नुसता रंग बघून टॉपअप करू नका. गुलाबी म्हणजे सगळं एकाच जातीचं असं नसतं, रंग ज्याचा त्याचा.

नवलखा_नाका:
गुलाबी कुठलं, फिकट पडलंय. बाबा कूलंटच्या डबीत पाणी घालतात ना अधूनमधून.

चाकोरी:
हे आत्ता सांगताय?! बंद सिस्टिम आहे ती, सारखं घालावं लागतंय म्हणजे कुठेतरी जातंय. बदलण्याआधी गळती शोधा.

घाटकरी:
इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण बघा. खाली दुधट मळी असेल, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. नसेल तर प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधतात) करून घ्या. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण मात्र कोणी उघडू नका, भाजाल.

नवलखा_नाका:
केली टेस्ट. वॉटर पंपाखाली ओल आहे, गुलाबी खपली धरलीये. पंप आत्ता, कूलंट पुण्याहून आल्यावर चालेल?

घाटकरी:
पंप काढताना कूलंट निघणारच, नवीनच भरा. तयार मिश्रण घेतलंत तर पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात निम्मं-निम्मं. भरल्यावर हीटर लावून, फॅन फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवून हवा काढायला सांगा.

चाकोरी:
जुनं गटारात ओतू देऊ नका. चव गोड असते, कुत्री चाटतात नि मरतात.

डिझेलदादा:
सेंधव्यावरून जाणार ना? बिजासन घाटात ट्रकांच्या मागे एसी बंद ठेवा.

चाकोरी:
पंप बदलल्यावर एसी कशाला बंद, दादा?